अर्ध्या कोयत्याचा रकाना

कोयता अर्धा असतो हे मला वयाच्या तिसाव्या वर्षी कळलं. बीड जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला हे सांगताना लाज वाटायला पाहिजे, आणि मला ती वाटते. पण आमचे वडील नोकरदार. आजोबांनी जन्मभर दुसऱ्याच्या रानात सालदारकी केली, बौद्ध झाले आणि थोरल्या पोराला शाळेत घातलं. तो पोरगा कचेरीत कारकून झाला, बीडला खोली करून राहिला. त्याचा पोरगा मी. आमच्या पिढीनं कोयता पाहिला तो नारळ फोडताना.

चुलते मात्र गावातच राहिले, युसूफ वडगावहून चालत तासाभरावर. दिवाळी झाली की त्यांची सगळी घरं ऊस तोडायला जायची आणि उन्हाळ्यात परत यायची. हिवाळ्यात गावी गेलं की दाराला कुलूप आणि ओट्यावर कुत्रं. मी ते कुत्रं ओळखीचं धरून दोन शब्द बोलायचो आणि परतीची एसटी पकडायचो. गावाशी माझा संबंध एवढाच.

तरी तालुक्याच्या ऊसतोड मजुरांच्या सहकारी संस्थेनं कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं तेव्हा बोलावलं मलाच. मी औरंगाबादला एक वर्षाचा प्रोग्रामिंगचा कोर्स केलेला होता. आमच्या नातेवाइकांत त्याला इंजिनिअरिंग म्हणत, आणि मीही कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही.

संस्थेचं काम म्हणजे नोंद. कोणत्या घरातून किती कोयते, कोणत्या मुकादमाच्या टोळीत, कोणत्या कारखान्याला. दुष्काळाचं ते लागोपाठ तिसरं वर्ष. विहिरींच्या तळाशी माती दिसत होती, टँकरच्या मागं बायका पळत होत्या, पेरणी कुणी केलीच नव्हती. ज्यांच्या घरातून कधी कुणी उसाला गेलं नव्हतं तेही खिडकीशी रांग लावून उभे होते. जुन्या वह्यांना हे झेपणारं नव्हतं.

काम सुरू करण्याआधी मी एका पुठ्ठ्यावर तक्ता करून भिंतीला लावला. प्रोग्राम ज्या भाषेत लिहितात तिच्यात माहिती ठेवायचे प्रकार वेगळे, आणि ती माहिती जिथं कायमची साठते त्या डेटाबेसमधले प्रकार वेगळे. दोन्हींची जोडी नीट लावावी लागते. डावीकडं स्ट्रिंग तर उजवीकडं व्हारचार, म्हणजे अक्षरं. डावीकडं इंटिजर तर उजवीकडं इंट, म्हणजे पूर्ण आकडे. डावीकडं डबल तर उजवीकडं डेसिमल, म्हणजे ज्यात पॉइंट येतो ते आकडे. टँकरच्या पाइपाखाली तोंड न जुळणारा हंडा धरला तर पाणी सांडतं, पण ते सांडलेलं सगळ्यांना दिसतं आणि दहा बायका ओरडतात. कॉम्प्युटरमध्ये सांडलेलं दिसत नाही. हे वाक्य कोर्सच्या सरांचं. मी ते वहीत लाल शाईनं लिहून घेतलं होतं.

संस्थेचे सचिव तो तक्ता बराच वेळ बघत राहिले. गळ्यात उपरणं, तोंडात सुपारी, मन मोठं असा माणूस. म्हणाले, "कुंडली जुळवलीस जणू." आमच्यात कुंडली बघत नाहीत, पण मी हो म्हणालो.

सुरुवातीच्या चुका हसण्यावारी गेल्या. गावाच्या नावाला मी दहाच जागा ठेवल्या होत्या, त्यामुळं पहिल्या यादीत युसूफ वडगावचं 'युसूफ वडगा' झालं. सचिवांनी चष्मा वर करून विचारलं, हे वडगा कुठल्या तालुक्यात येतं. मग जन्मतारखेचं. तारखेच्या रकान्यात तारीखच लागते, आणि खिडकीपलीकडची म्हातारी पोराची तारीख सांगायची, मोठ्या दुष्काळात, खडी फोडायला गेलतो तवा. डेटाबेसला असा प्रकार ठाऊक नाही. मी सगळ्यांना एक जून टाकून दिला. आमच्या तालुक्यात एकाच दिवशी जन्मलेल्यांची जत्रा भरली.

कोयत्यांचा रकाना मी डेटाबेसच्या टेबलात आधीच करून ठेवला होता. कोयता म्हणजे लोखंडाची वस्तू. वस्तू मोजायची तर एक, दोन, तीन. म्हणून इंट. नोंदणीच्या पहिल्याच दिवशी एका मुकादमानं खिडकीत कोपर टेकवून सांगितलं, लिहा, अर्धा.

मी विचारलं, अर्धा म्हणजे मूठ का पातं. मागची रांग हसली. मुकादम हसला नाही. माझ्याकडं असं बघितलं, जसं गुरांच्या बाजारात शहरातल्या गिऱ्हाइकाकडं बघतात.

"कुठले तुमी सायब?"

"इथलाच. बीडचा."

"मंग असं कावून बोलता? कोयता म्हंजी जोडी. नवरा-बायकू. ती मिळून एक. येकटं मानूस आलं की अर्धा."

मी मान डोलावली. जोडप्याबरोबर एकटा दीर असला की दीड, हेही त्यानं समजावलं. त्या दुपारी मी प्रोग्रामच्या स्क्रीनवर कोयत्यांसाठी इंटिजर काढून डबल केला. स्क्रीनवर अर्धा टाकता येऊ लागला, पावतीवरही ०.५ छापून येऊ लागला. रांग खूश, मुकादम खूश, मी तर फारच खूश. डेटाबेसमधला रकाना इंटच राहिला. पुठ्ठ्यावरचा तक्ता माझ्या डोक्यापासून वीतभर उंचावर लटकत होता. स्क्रीनवरचा अर्धा टेबलात जाताना पॉइंटनंतरचं सगळं गळून पडत होतं. दीडचा एक होत होता, अडीचचे दोन. आणि अर्ध्याचं शून्य.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी रांगेत आक्का दिसली. एका चुलत्यांची मुलगी, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. लहानपणी सुट्टीत गावी गेलो की मला खांद्यावर घेऊन ओढ्याला नेणारी. तिचा नवरा आदल्या उन्हाळ्यात विहीर खोल करायच्या कामावर दरड कोसळून गेला होता. आता ती दीर-जावेच्या टोळीत अर्धा कोयता म्हणून चालली होती. मी तिची नोंद केली, पावती दिली, रांग थांबवून तिला आत बोलावलं आणि चहा पाजला. साहेब झाल्याचा माझा तेवढाच एक पुरावा होता.

तिच्या मनात एकच गोष्ट होती. पोरगी सातवी पास झाली होती, वर्गात पहिली. उसाला जाणाऱ्यांच्या पोरांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह निघायचं. आईबाप येईपर्यंत तिथंच राहायचं, जेवायचं, शाळा शिकायची. कुणाची पोरं घ्यायची ती यादी आमची संस्था देणार होती, कारण कोण उसाला जातं ते आमच्याकडंच लिहिलेलं.

"मला दुसरं काय नको रं," आक्का म्हणाली. "तेवढं तिचं नाव लागू दे. ती दहावी झाली पायजे. मग मी अर्धी काय न् पाव काय."

मी म्हणालो, आक्का, आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, नाव आपोआप लागतं, वशिला लागत नाही. हे मी अभिमानानं म्हणालो.

आणि यादी खरंच आपोआप निघाली. मी कॉम्प्युटरला सांगितलं होतं, ज्यांच्या कोयत्यांचा आकडा शून्याहून जास्त आहे त्या घरांतली शाळेतली पोरं काढ. शून्य म्हणजे नोंदणी करून नाव मागं घेतलेले, असा संस्थेचा जुना रिवाज होता आणि मी तो तसाच उचलला होता. यादी सुबक छापली. मधोमध शीर्षक, दोन्ही बाजूंनी रेघा. सचिवांनी ती संचालकांना फिरवून दाखवली.

यादी शाळेत लागली त्या दिवशी संस्थेत माझा सत्कार होता. तालुक्यात पहिल्यांदा संगणकीकरण झालं म्हणून शाल आणि नारळ. अध्यक्षांचं भाषण चालू असताना शिपाई येऊन कानाशी म्हणाला, तुमच्या बहिणीचा फोन आहे. मी खांद्यावरची शाल तशीच ठेवून सचिवांच्या खोलीत गेलो. आक्का गावातल्या रुपयाच्या डब्यावरून बोलत होती. यादीत पोरीचं नाव नव्हतं. हेडमास्तरांना विचारलं तर म्हणाले, नावं संस्थेकडून येतात, आम्ही लिहीत नाही. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती.

मी कॉम्प्युटर उघडून तिची ओळ काढली. पलीकडून टाळ्यांचा आवाज येत होता.

"आक्का, इथं शून्य दिसतंय. तू नाव मागं घेतलंस का?"

"न्हाई. मी कशाला घिऊ? उंद्या गाडी हाय."

"मग मुकादमानं घेतलं असंल तुला न विचारता."

"त्यानं तर मला बोलीवलंय. पावतीवर बी अर्धा हाय, माझ्या हातातच हाय ती. तू नीट बघ की."

"बघितलं. कॉम्प्युटर चुकत नसतो आक्का."

रुपया संपत आला आणि डबा टकटक करायला लागला. मग ती म्हणाली, "बरं. तू म्हनतूस तर तसंच आसंल," आणि फोन कटला.

त्या वेळी आणखी एक वाक्य मला सुचलं होतं हे मी आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही. पोरीला माझ्याकडं पाठव, हे ते वाक्य. आमच्याकडं बीडला नळ पंधरा दिवसांनी यायचा, बायकोला सातवा महिना होता, खोली एकच होती. ही सगळी कारणं खरी आहेत. मी ती एका पाठोपाठ एक मनाशी म्हटली आणि शाल सारखी करून परत सत्काराला जाऊन बसलो. नारळ घरी आणला. बायकोनं त्याची चटणी केली, ती चांगली झाली होती.

आठवड्यानं खिडकीशी एक म्हातारा आला. त्याची बायको अंथरुणाला खिळलेली, म्हणून तो एकटाच अर्धा कोयता म्हणून जाणार होता, मागं नातू राहणार होता. त्यानं घडीची पावती उलगडून माझ्यासमोर ठेवली.

"सायब, हितं अर्धा लिवलंय. मंग पोराचं नाव कावून न्हाई?"

पावतीवर ०.५. स्क्रीनवर शून्य. मी दोन्हीकडं आळीपाळीनं बघत होतो. मग मान वर करून भिंतीवरचा तक्ता बघितला. डबलच्या समोर डेसिमल. मीच लिहिलेलं, स्वच्छ अक्षरात.

शून्यवाल्या सगळ्या ओळी काढल्या. त्यात खरोखर नाव मागं घेतलेले थोडेच होते. बाकी विधवा, टाकून दिलेल्या, बायको मेलेले, नवरा आजारी असलेल्या. तालुक्यातलं प्रत्येक एकटं माणूस. ज्यांना जोडी होती त्यांतलं कुणी गळालं नव्हतं, म्हणून कुणी बोंब मारली नव्हती.

रकाना डेसिमल करायला एक ओळ लिहावी लागली. पण भांडं बदललं म्हणून सांडलेलं परत येत नाही, शून्याचं आता ०.०० झालं एवढंच. मी पावत्यांच्या कार्बन प्रती काढून दोन दिवस एकेक नोंद हातानं भरत बसलो. सचिवांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं शिव्या घालतील. ते सुपारी थुंकून आले आणि म्हणाले, बाबा, हे बाहेर बोलू नको, आत्ताच तुझा सत्कार केलाय. पुरवणी यादी झाली. मी स्वतः शाळेत नेऊन दिली. म्हाताऱ्याच्या नातवाला जागा मिळाली, आणखी काही पोरं आली. बाकीची आईबापांबरोबर गाड्यांत बसून गेली होती.

मी रजा टाकून सांगलीकडं गेलो. दोन एसट्या बदलल्या, शेवटी एका ट्रॅक्टरनं उसाच्या फडापर्यंत सोडलं. आमच्याकडं हंड्याला हंडा लागत होता आणि तिथं पाटाचं पाणी फुटून रस्त्यावरनं वाहत होतं, कुणी बघतही नव्हतं. फडाच्या कडेला राहायला उसाच्या पाचटाच्या कोप्या होत्या. आक्का खाली बसून पाला काढत ऊस सवळत होती. पोरगी डोक्याला फडकं बांधून मोळी उचलत होती, फळीवरून चढून ट्रॉलीत टाकत होती. फळी वाकली की थांबायची, तोल सावरायची, पुढचं पाऊल टाकायची. एवढ्या दिवसांत तिला ते चांगलं जमायला लागलं होतं. मला बघून हसली. हातांवर पाचटाचे ओरखडे, काही जुने, काही ओले.

मी घाईघाईनं सांगून टाकलं. चूक सापडली, दुरुस्त केली, तिचं नाव यादीत आलं, मी तिला न्यायलाच आलोय.

आक्का बसली होती तशीच बसून राहिली. म्हणाली, आदी मी दीर-जावंच्या जोडीला व्हते, आपल्या मानसांत. पोरगी संगं आली तर मुकादमानं आमा मायलेकीचा येक कोयता धरला आन् या टोळीला लावलं. हितं आपलं कुनी न्हाई.

"तिला न्हेलंस तर मी परत अर्धी व्हते. अर्ध्या बाईला येगळी कोपी न्हाई. कुनाच्या तरी संगं जोडी लावत्यात. कुनाच्या लावत्यात ते तुला सांगू का?"

त्या टोळीचा मुकादम जवळच उभा होता. बोलायला अदबशीर माणूस. मायलेकींचा कोयता त्यानं आमच्या संस्थेला रीतसर कळवला होता म्हणाला. ते खरं होतं. मी सांगलीला निघायच्या आदल्या दिवशी मीच तो एक टेबलात भरला होता, ओळ न वाचता.

पोरगी माझ्याजवळ येऊन बसली. नेमकं काय चुकलं ते तिला ऐकायचं होतं. मी उसाच्या शेंड्याकडच्या वाढ्यानं मातीत दोन रकाने काढले. डावीकडं काय ठेवता येतं, उजवीकडं काय ठेवता येतं, मधे काय गळतं. औरंगाबादला हे समजायला मला तीन आठवडे लागले होते. ती गुडघ्यांवर हनुवटी टेकून बघत होती.

"म्हंजी डावीकडं बदलल्यावर तुमी उजवीकडं बी बदलायला पायजे व्हतं."

"हो."

"तेवढंच?"

"तेवढंच."

तिनं आईकडं बघितलं. मग उठून फडकं घट्ट केलं. "मामा, मी ऱ्हाते हितंच. पुढल्या साली जाईन साळंत." ट्रॉली अर्धी भरायची होती, ड्रायव्हर हॉर्न मारत होता. मी आणलेला लाडवांचा डबा आक्काजवळ ठेवला आणि बांधावरून निघालो.

पुढच्या साली ती शाळेत गेली नाही. पुढच्या सालीही दुष्काळच होता. सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं, आणि माझ्या टेबलात तिचा नवऱ्याबरोबर एक कोयता आला आणि आक्का पुन्हा ०.५० झाली. आता रकाना डेसिमल होता, काही गळत नव्हतं. त्या लग्नात मी वाढपी होतो. आक्कानं मला कधी एका शब्दानं दोष दिला नाही. उलट पाहुण्यांना सांगायची, आमचा भाऊ कॉम्प्युटरमधला हाय. ते ऐकून मी भाताचं घमेलं घेऊन दुसऱ्या पंगतीकडं सरकायचो.

संस्थेत मी अजून आहे. केस गेले, चष्मा आला, प्रोग्राम तीनदा बदलला. गेल्या दिवाळीआधी आक्काच्या त्या पोरीचा फोन आला. आता तिची मुलगी सातवी पास झाली होती, आणि ती नवऱ्याबरोबर उसाला निघाली होती. वसतिगृहाच्या यादीत मुलीचं नाव आहे का एवढंच तिला विचारायचं होतं. मी स्क्रीनवर बघून सांगितलं, आहे. खात्रीनं आहे, फोटो काढून तुझ्या मोबाइलवर टाकतो.

"नको मामा," ती म्हणाली. "मी येते."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एसटीनं आली. मी खुर्ची दिली, ती तिनं ओढून स्क्रीनच्या अगदी जवळ नेली. मी चहा मागवत होतो, तिचं लक्ष नव्हतं. काचेवर बोट ठेवून ती ओळ वाचू लागली. वाचायची सवय मोडलेली, अक्षराला अक्षर जोडत, ओठ हलवत. मुलीचं नाव. इयत्ता. गाव. कोयते, एक. शाळा. शेवटच्या रकान्यापर्यंत जाऊन ती पुन्हा पहिल्याकडं आली आणि सगळी ओळ दुसऱ्यांदा वाचली.

मग तिनं मला मागं सरायला सांगितलं, कारण माझी सावली पडत होती, आणि ती खालची ओळ वाचू लागली. ती तिच्या गल्लीतल्या एका विधवेच्या पोराची होती. त्या बाईनं बघून यायला सांगितलं होतं.